फाइल पोहोचली. पूर्ण पोहोचली का?

आमच्याकडच्या क्लस्टरचं युजर मॅन्युअल साधारण चाळीस पानांचं आहे. क्यूमध्ये जॉब कसा टाकायचा, किती कोअर मागायचे, वॉलटाइम संपला की काय होतं, कुठलं मॉड्यूल कधी लोड करायचं, हे सगळं त्यात आहे आणि बरं लिहिलंय. फाइल ट्रान्सफरच्या वाट्याला मात्र अर्धं पान आलंय. त्यात दोन ओळींची प्रस्तावना, एससीपीची एक कमांड, विंडोजवाल्यांसाठी विनएससीपीचा एक धूसर स्क्रीनशॉट, संपलं. इतर ठिकाणची मॅन्युअल्सही मी हल्ली हौसेने वाचते (ही हौस कशी लागली ते पुढे येईलच). बऱ्याच ठिकाणी हीच तऱ्हा दिसते.

माझी तक्रार या अर्ध्या पानाबद्दल आहे. त्यातली कमांड चुकीची नाही, टाइप केली की चालते. पण ते पान फक्त फाइल पाठवायला शिकवतं. ती पूर्ण पोहोचली की नाही हे कसं ओळखायचं, यावर चकार शब्द नाही. साधं पत्र आणि रजिस्टर्ड एडी यातला फरक आपल्या आजीलाही ठाऊक असतो. पोचपावती आल्याशिवाय पत्र पोहोचलं असं ती धरत नाही. आणि आपण तीन महिन्यांचं सिम्युलेशन अशा रस्त्याने घरी आणतो, जिथे पावती मागायची असते हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एक खुलासा आधीच करते. कमांड आणि त्यांचे पर्याय मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत जातात. नेमकं स्पेलिंग मॅन पेज उघडून बघा. मॅन पेज उघडायची सवय लागली तर या लेखाचा तेवढा तरी उपयोग झाला म्हणायचा.

आता हौसेचं कारण. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका प्रथिनाच्या म्यूटंटची सहा स्वतंत्र सिम्युलेशन्स होती, प्रत्येकी ५०० नॅनोसेकंदांची. प्रत्येकाची ट्रॅजेक्टरी फाइल साधारण १८ जीबी. क्लस्टरच्या स्क्रॅचवर ६० दिवस हात न लागलेल्या फाइल आपोआप पुसल्या जातात असा नियम, वर कोटा भरत आल्याचा इमेल आलेला. मी रात्री नऊला होस्टेलच्या वायफायवरून एक छोटा लूप लावला : सहा फाइल, एकामागून एक, एससीपीने. वेग सेकंदाला तीन मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे एका फाइलला दीड-पावणेदोन तास. झोपले. सकाळी उठून फोल्डर बघितलं तर सहाच्या सहा नावं हजर. स्क्रॅचवरच्या प्रती पुसून टाकल्या आणि चहा प्यायला गेले.

रात्री कधीतरी वायफाय गेलं होतं. चौथी फाइल मधेच तुटली. टर्मिनलवर 'लॉस्ट कनेक्शन' असं आलंही असणार. पण लूप थांबला नाही. त्याला थांब म्हणून सांगितलंच नव्हतं. नेट परत आलं, पाचवी आणि सहावी फाइल व्यवस्थित उतरल्या, आणि त्यांच्या प्रगतीच्या ओळींखाली तो निरोप वर सरकून दिसेनासा झाला. चौथी फाइल १८ ऐवजी पावणेचौदा जीबीची होती. नावांच्या यादीसोबत आकाराचा रकाना बघितला असता तरी कळलं असतं. मी बघितला नाही.

पुढचं जास्त लाजिरवाणं आहे. ट्रॅजेक्टरी म्हणजे चित्रफितीसारखी फ्रेमची रांग. ती मधेच तुटली तर विश्लेषण अडत नाही. असतील तेवढ्या फ्रेमची सरासरी निघते. ग्रोमॅक्स अशा वेळी 'इनकम्प्लीट फ्रेम' अशी एक ओळीची सूचना देतं आणि पुढे जाऊन उत्तर देतं. ती ओळ माझ्या लॉग फाइलमध्ये पाच महिने पडून होती. मी तो लॉग उघडलाच नव्हता, कारण आकडा आला होता आणि आकडा सुंदर होता. दोन म्यूटंटमधला जायरेशन त्रिज्येचा फरक एरर बारच्या स्पष्ट बाहेर. पोस्टर झालं, कौतुक झालं.

मग लॅबमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आलेल्या मुलाने सरावासाठी सहाही सिम्युलेशन्सचा काळानुसार आलेख काढला. "ताई, ही चौथी रेघ मधेच का थांबते?" पाच रेघा ५०० पर्यंत गेल्या होत्या, एक ३८० ला संपली होती. मला वाटलं त्याचीच काहीतरी चूक असेल. तसं त्याला बोललेही.

आता कुणी म्हणेल, परत चालवायचं सिम्युलेशन. चालवलं. क्यूसकट तीन आठवडे गेले. पण आण्विक गतिकीत एक गोम आहे. ही प्रणाली केऑटिक असते. समांतर कोअरवर बेरजांचा क्रम जरासा बदलला तरी दशांश चिन्हानंतरच्या दूरच्या अंकात फरक पडतो, आणि तो वाढत वाढत काही काळाने संपूर्ण वेगळी ट्रॅजेक्टरी देतो. त्यामुळे मला जे परत मिळालं ते हरवलेलं चौथं नव्हतं, सातवं होतं. आणि सातव्याने एरर बार इतके रुंद केले की दोन्ही म्यूटंट आता एकमेकांना शिवतात. पोस्टरवरचा दावा आज मी त्या शब्दांत करणार नाही. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बाकीच्या पाचांचं तू कशावरून सांगतेस?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ प्रती पुसलेल्या. तुलना कशाशी करणार?

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी ही साधनं नव्याने वाचायला बसले. आधी एससीपीच.

एससीपी ही १९८०च्या दशकातल्या बीएसडी युनिक्समधल्या आरसीपी या कमांडची वारसदार. एसएसएचचं कुलूप लावलेली आरसीपी म्हटलं तरी चालेल. एप्रिल २०१९ मध्ये ओपनएसएसएचची ८.० आवृत्ती आली, तेव्हा ती बनवणाऱ्यांनीच जाहीर करून टाकलं की एससीपीचा प्रोटोकॉल जुनाट आहे, सहजासहजी दुरुस्त होण्यातला नाही, त्याऐवजी एसएफटीपी किंवा आरसिंक वापरा. एप्रिल २०२२ च्या ९.० पासून तर एससीपी कमांड दिली तरी आतून एसएफटीपीचाच प्रोटोकॉल चालतो. नाव तेच, इंजिन दुसरं. म्हणजे ज्यांनी घडवलं त्यांनी हात झटकले, आणि आपली मॅन्युअल्स अजून तेच पहिल्या धड्यात शिकवतात.

त्यांचे आक्षेप मुख्यतः सुरक्षिततेचे होते. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. एससीपी पहिल्या बाइटपासून फाइल तिच्या अंतिम नावानेच लिहायला घेते. दहा टक्के उतरलेली फाइल आणि शंभर टक्के उतरलेली फाइल, दोघींचं नाव एकच. तुटलेली फाइल तशीच त्या नावाने बसून राहते, आणि परत सुरू करायचं तर शून्यापासून. ठीक आहे, एससीपी खोटं बोलत नाही. अपयश आलं तर एक्झिट कोड शून्याऐवजी दुसरा देते. पण तो कोड वाचणार कोण? माझ्या लूपने वाचला नाही. माझा लूप मला एका सीनियरने दिला होता, त्याला त्याच्या सीनियरने. आपल्या लॅबमधल्या कमांड ओव्यांसारख्या तोंडातोंडी येतात. कुणी रचल्या माहीत नाही, आणि अर्थ विचारायची पद्धत नाही.

विनएससीपीबद्दल एक चांगला शब्द इथे खर्च करते. 'खरे' लोक टर्मिनल वापरतात म्हणून आपण त्याला नाक मुरडतो. पण ते मोठी फाइल उतरवताना शेपटाला 'फाइलपार्ट' असं लावून ठेवतं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. या एका बाबतीत ते विंडोजवालं, बटणांचं साधन माझ्या लूपपेक्षा शहाणं होतं.

आता आरसिंक. याची गोष्ट संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावी. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये आणलं. ट्रिजेलचा १९९९ चा ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतला पीएचडी प्रबंध अर्धा समांतर सॉर्टिंगवर आणि अर्धा याच अल्गोरिदमवर आहे. प्रश्न असा होता : एका फाइलची जुनी प्रत इथे, नवी तिथे, मधली तार मंद. दोन्ही प्रती एका जागी न आणता फरक कसा शोधायचा? त्याने जुन्या फाइलचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचे दोन ठसे काढले, एक झटपट निघणारा कच्चा आणि एक महागडा पक्का. समोरचा संगणक आपल्या फाइलवरून एकेक बाइट सरकत कच्चा ठसा जुळतो का बघतो. जुळला तरच पक्का ताडतो. कच्चा ठसा असा निवडलाय की एक बाइट पुढे सरकलं की तो नव्याने काढावा लागत नाही. जुन्यातून एक वजा, एक अधिक. सगळी गंमत तिथे आहे.

पण टीकाच करायची तर हे म्हणायला हवं की क्लस्टरवरून नवीकोरी ट्रॅजेक्टरी आणताना या सुंदर अल्गोरिदमला फारसं कामच नसतं. इकडे जुनी प्रतच नसते, फरक कशाशी काढणार? आपल्याला आरसिंकचा फायदा होतो तो त्याच्या किरकोळ वाटणाऱ्या सवयींमुळे. फाइल आधी लपलेल्या, तात्पुरत्या नावाने लिहिते. पाठवता पाठवता संपूर्ण फाइलचा ठसा काढते आणि पलीकडे तयार झालेल्या फाइलच्या ठशाशी ताडते. जुळलं तरच खरं नाव देते. आधीच पोहोचलेल्या फाइल परत पाठवत नाही. माझ्या त्या रात्री आरसिंक असतं तर सकाळी पाच नावं दिसली असती, आणि पाच दिसली असती तर मी चहा सोडून परत बसले असते.

आणि इथेच सगळ्या इंटरनेटभर शिकवल्या जाणाऱ्या एका सल्ल्यावर माझा राग आहे. मोठ्या फाइलसाठी 'हायफन कॅपिटल पी' लावा म्हणतात. त्यात दोन गोष्टी येतात, प्रगती दाखवणं आणि 'पार्शल', म्हणजे तुटलेला तुकडा टाकून न देता ठेवणं. ठेवणं चांगलंच, पुन्हा चालवलं की त्या तुकड्याचा उपयोग होतो. पण ठेवते कुठे? अंतिम नावाने! आरसिंकचा जो सगळ्यात मोठा गुण, अर्धवट फाइलला पूर्ण फाइलचं नाव न देणं, तोच हा पर्याय काढून घेतो. आकाराचा रकाना न बघणारी माझ्यासारखी व्यक्ती पुन्हा तिथेच. यावरचा उतारा त्याच मॅन पेजवर आहे : 'पार्शल-डिर' हा पर्याय. तुकडे एका वेगळ्या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात, आणि पूर्ण झाल्याशिवाय नाव मिळत नाही. मी बघितलेल्या एकाही मॅन्युअलमध्ये तो नाही.

दुसरी गैरसमजूत : "आरसिंक परत चालवलं, काही पाठवलं नाही, म्हणजे सगळं जुळतंय." तसं नाही. दुसऱ्यांदा चालवल्यावर ते मुळात फक्त आकार आणि बदलाची वेळ बघतं. दोन्ही सारखे असले की आत डोकावत नाही. आत डोकवायला 'चेकसम' पर्याय लावावा लागतो आणि मग दोन्हीकडे अख्खी फाइल वाचली जाते. त्याला वेळ लागतो म्हणून लोक टाळतात. अहो, सिम्युलेशनला तीन आठवडे दिले, वाचायला वीस मिनिटं द्या. वेळ जपायला हायफन ए लावायलाही विसरू नका. नाहीतर प्रत्येक फाइलला आजची तारीख लागते आणि पुढच्या वेळी आरसिंक सगळं नव्याने तपासत बसतं. (शेवटच्या स्लॅशबद्दल लिहीत नाही. तो एकदा चुकून फोल्डरमध्ये तेच फोल्डर झाल्याशिवाय कुणाला समजत नाही.)

सगळ्यात भरवशाची पावती मात्र साधनाबाहेरची. क्लस्टरवर, जॉब संपल्या संपल्या, प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा काढून एका छोट्या मजकूर फाइलमध्ये ठेवायचा. प्रत्येक फाइलला ६४ अक्षरं. ती यादी फाइलींबरोबर आणायची आणि इकडे तपासायची. याचा खरा फायदा त्या दिवशी दिसत नाही, दोन वर्षांनी दिसतो. मूळ प्रत पुसली गेली तरी तिचा ठसा तुमच्याकडे असतो. सरांच्या प्रश्नाला, बाकीच्या पाचांचं कशावरून, तेव्हा उत्तर असतं. आणि हो, ठसा काढताना जॉब खरोखर संपलेला असू द्या. चालू जॉबची फाइल वाढतच असते, तिची प्रत म्हणजे धावत्या गाडीचा फोटो.

कुणाला वाटेल नेटवर्कमध्ये बाइट बदलतात का, ही भीती. एसएसएचवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर त्याची स्वतःची मोहर असते. वाटेत एक बिट बदलला तर जोडणीच तुटते. तिथे निर्धास्त असा. धोका वाटेत कमी, दोन्ही टोकांना जास्त : भरलेली डिस्क, संपलेला कोटा, मेमरीतली चूक, तुटलेला लूप, आणि खुर्चीत बसलेली मी.

वेगाबद्दल थोडं, कारण सगळे प्रश्न त्याचेच येतात. पहिलं, बिट आणि बाइट. '१०० एमबीपीएस' म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, साडेबारा मेगाबाइट. त्या तारेवरून एक टेराबाइट आदर्श स्थितीतही बावीस तास घेतो. एक गिगाबिटवर सव्वादोन तास. हा भागाकार आधी करा, मग प्रशासकाला 'स्लो आहे' म्हणून इमेल पाठवा.

दुसरं, तार रुंद असून वेग मिळत नाही, असं दूरच्या सर्व्हरशी होतं. ओपनएसएसएच एका वेळी साधारण २ मेगाबाइट माल हवेत ठेवतं आणि पलीकडून पोच येईपर्यंत थांबतं. आपल्या शहरातल्या क्लस्टरशी जाऊन-येऊन दोन-चार मिलिसेकंद लागतात, काही जाणवत नाही. पण अमेरिकेतल्या सहकाऱ्याच्या सर्व्हरला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला पाच खेपा, म्हणजे १० मेगाबाइट. तार दहा गिगाबिटची असली तरी तेवढेच. यासाठीच पिट्सबर्ग सुपरकॉम्प्युटिंग सेंटरने एचपीएन-एसएसएच नावाची सुधारित आवृत्ती बनवली. ती दोन्हीकडे नसेल तर तीन-चार आरसिंक एकदम लावणं हा गरिबाचा उपाय.

तिसरं, लहान फाइलींचा सडा. दोन लाख फाइल, प्रत्येकीमागे जाऊन-येऊन फक्त ३० मिलिसेकंद धरले तरी १ तास ४० मिनिटं नुसत्या नमस्कार-चमत्कारात जातात. आधी टारमध्ये बांधा. आणि ट्रॅजेक्टरीसारखी आधीच आवळलेली फाइल परत आवळायला 'हायफन झेड' लावू नका. वेग वाढत नाही, लॉगिन नोड मात्र तापतो आणि लोक तुमचं नाव शोधत येतात.

मित्र म्हणतात, सरळ हार्ड डिस्क घेऊन ये ना. हा विनोद नाही. कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र ज्या २०१७ च्या निरीक्षणांतून निघालं, त्यांचे पेटाबाइट विमानानेच गेले, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या होत्या. आपल्याकडचा हिशोब करू. कोल्हापूर ते पुणे एसटीने साधारण पाच तास, पिशवीत ४ टीबीची डिस्क. नुसत्या एसटीचा वेग निघतो सेकंदाला पावणेदोन गिगाबिटच्या वर. लालपरी कुठल्याही होस्टेलच्या वायफायला हरवते. पण डिस्क भरायला आणि उतरवायलाही वेळ लागतो हे या हिशोबात कुणी धरत नाही. फिरत्या डिस्कचे सेकंदाला १२० मेगाबाइट धरले तर प्रत्येक टोकाला सव्वानऊ तास. एकूण साडेतेवीस तास, आणि सरासरी उतरते सेकंदाला ४७ मेगाबाइटवर. तरी वाईट नाही. पण ठसे तपासायचे तर अजून एकदा वाचा. आणि डिस्क फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर जाणार नाही, हे शिवाजीनगरला उतरल्यावर कळून उपयोग नाही.

माझ्या मते या सगळ्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : हे आणायचंच कशाला? माझ्या १८ जीबीत बहुतेक अणू पाण्याचे होते. मला हवं होतं प्रथिन. क्लस्टरवरच पाणी काढून टाकलं आणि दहातली एक फ्रेम ठेवली तर उरलेली फाइल वायफायवरूनही काही मिनिटांत येते. हे आज इतकं उघड वाटतं! पण मॅन्युअलमध्ये 'डेटा घरी न्या' असा धडा असला की आपण डेटा घरी नेतो.

ग्लोबसबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. शिकागो विद्यापीठाकडून चालणारी ही सेवा फाइल सोपवून झोपायची सोय करते. तुटलं तर स्वतः परत लावते, पोहोचल्यावर दोन्हीकडचे ठसे ताडते, आणि काम झालं की इमेल पाठवते. म्हणजे मी मघापासून जी पोचपावती मागतेय ती इथे न मागता मिळते. डेटा शिकागोमार्गे जात नाही, तो थेट दोन टोकांमध्ये वाहतो. शिकागोतून फक्त सूत्रं हलतात. तक्रारी दोन. एक, संस्थेने आपल्या बाजूला ते बसवलेलं हवं. स्वतःपुरतं बसवता येतं, पण दोन्ही टोकं अशी वैयक्तिक असतील तर वर्गणी लागते. दोन, इतकं सगळं आपोआप होतं की विद्यार्थ्याला ठसा म्हणजे काय हे कधीच कळत नाही, आणि ज्या दिवशी ग्लोबस नसलेल्या यंत्राशी गाठ पडते त्या दिवशी तो माझा लूप लावतो. तरीही तुमच्याकडे असेल तर वापरा. मी वापरलं असतं.

'मग क्लस्टरवरच राहू दे, तिथे सुरक्षित आहे' हाही एक सूर ऐकू येतो. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर, जुने लॉग पुसणारी एक स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवी आवृत्ती तिच्या जागी ठेवली गेली. बॅश स्क्रिप्ट वाचत वाचत चालवतं. मधूनच नवा मजकूर वाचला गेला, व्हेरिएबल रिकामी राहिली, आणि लॉगऐवजी लोकांच्या फाइल पुसल्या गेल्या. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल, १४ संशोधन गट. त्यातल्या ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही. चूक पुरवठादार कंपनीने मान्य केली. डेटा त्याने परत येत नाही.

गेल्या महिन्यात मी त्या अर्ध्या पानाचं दीड पान करून आमच्या क्लस्टरच्या सपोर्टला पाठवलं. एससीपीच्या जागी आरसिंक, पार्शल-डिरसकट. लूपमध्ये एक्झिट कोड तपासून थांबायची एक ओळ. ठसे काढायची आणि ताडायची एकेक ओळ. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत, ठसे जुळल्याशिवाय स्क्रॅच पुसू नका. उत्तर आलं : 'नोटेड, थँक्स.' मॅन्युअल अजून तेच आहे. तो एमएस्सीचा मुलगा आता दुसऱ्या शहरात पीएचडीला लागलाय, त्याने ते दीड पान तिकडच्या लॅबच्या भिंतीवर चिकटवलंय असं कळवलं. फोटोत दिसतंय, खालच्या कोपऱ्यात कुणीतरी पेनाने लिहिलंय : हायफन झेड का नको?